‘सर्कस’ म्हणजे वर्तुळ, मग रोमची सर्कस लांबट कशी?

मुळामुठा

नमस्कार मंडळी,

गेल्या मे महिन्यात सहकुटुंब रोम पाहण्याचा योग आला. तेथे पॅलेटाइन आणि अ‍ॅव्हेंटाइन या दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट जागेत ‘सर्कस मॅक्सिमस’ आहे. आता तेथे पाहण्यासारखे फारसे उरलेले नाही. दोन्ही बाजूंना गवताळ उतार, मध्ये लांबच लांब मोकळे मैदान आणि एका टोकाला विटांच्या बांधकामाचे काही अवशेष, एवढेच. आमच्या मार्गदर्शकाने सांगितले की ‘सर्कस’ हा लॅटिन शब्द असून त्याचा अर्थ वर्तुळ असा आहे. त्यावर नववीत शिकणारी माझी मुलगी लगेच म्हणाली, “बाबा, यात वर्तुळ कुठे आहे? ही तर केसांत खोचायची पिन आहे.” आम्ही हौसेने या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेलो, तेव्हा मोबाइलने आठशेच्या आसपास पावले मोजली, रुंदी मात्र लांबीच्या पाचव्या हिश्श्याइतकीही भरली नसावी. मार्गदर्शकाला विचारावे, तर त्याला पुढच्या ठिकाणी पोहोचण्याची घाई होती.

घरी परतल्यापासून हा शब्द डोक्यात घोळतो आहे. लंडनच्या पिकॅडिली सर्कसमध्ये वाघसिंह नाहीत, रस्ते आहेत. आपल्याकडे सर्कस म्हटले की तंबू, विदूषक आणि झोके डोळ्यांसमोर येतात. ‘सर्कल’, ‘सर्किट’ आणि ‘सर्क्युलर’ हे शब्दही त्याच कुळातले असावेत, असे वाटते. शिवाय ‘सर्कस’ आणि आपले ‘चक्र’ हे मुळात एकच आहेत, असे एका व्याख्यानात ऐकल्याचे आठवते. यातले खरे किती आणि ओढूनताणून जुळवलेले किती, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मुलीला ‘पूर्वी ते गोल असेल’ असे सांगून मी वेळ मारून नेली आहे. पण तिला ते पटलेले नाही, आणि खरे सांगायचे तर मलाही नाही.

जुनीपाने

मुळामुठा, तुमच्या कन्येची शंका अगदी रास्त आहे. ते मैदान पूर्वीही गोल नव्हते. सुमारे ६०० मीटर लांब आणि जेमतेम १२० मीटर रुंद, असाच त्याचा आकार होता.

रोमन लोक ज्याचा उच्चार ‘किर्कुस’ असा करीत, त्या शब्दाचा एक अर्थ कडे किंवा वर्तुळ असा आहे, हे खरे. ग्रीक भाषेत ‘किर्कोस’ आणि ‘क्रिकोस’ अशी त्याची भावंडे आढळतात आणि त्यांचाही अर्थ कडे असाच आहे. परंतु रोमच्या माणसासमोर नुसते ‘किर्कुस’ म्हटले की त्याच्या मनात शर्यतीचे मैदान उभे राही. साध्या वर्तुळासाठी त्याच शब्दाचे लहानपणा दाखवणारे रूप, म्हणजे ‘किर्कुलुस’, अधिक चाले. आपल्याकडे कड्याची कडी होते, तसेच हे. इंग्रजीतला ‘सर्कल’ या धाकट्या शब्दापासून आला आहे, थोरल्यापासून नव्हे.

आता मैदानाला हे नाव का पडले, याचे उत्तर आपल्याला शोधावे लागत नाही, कारण इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील व्हॅरो या रोमन पंडिताने आपल्या लॅटिन भाषेवरील ग्रंथात ते देऊन ठेवले आहे. त्याच्या मते एक तर प्रेक्षकांसाठी मैदानाच्या सभोवार बांधकाम केलेले असते म्हणून, आणि दुसरे म्हणजे मिरवणूक व घोडे तेथे खुणेच्या खांबांना वळसा घालून जातात म्हणून. दोन्ही कारणांत तो जे अव्यय वापरतो ते आहे ‘किर्कुम’, म्हणजे सभोवती. हे ‘किर्कुम’ व्याकरणदृष्ट्या ‘किर्कुस’चीच द्वितीया विभक्ती असून वापरून वापरून ती अव्यय होऊन बसली, ‘पाठ’ या नामाचे ‘पाठी’ हे रूप आपण ‘माझ्या पाठी ये’ असे अव्ययासारखे वापरतो, त्याच वाटेने. म्हणजे या शब्दात आकारापेक्षा फिरणे मोठे आहे. वर्तुळ जमिनीचे नाही, धावणाऱ्याचे आहे.

ती धाव कशी होती, हे नीट पाहिले की शंका राहत नाही. मैदानाच्या मधोमध एक लांब कठडा असे आणि त्याच्या दोन्ही टोकांना शंकूच्या आकाराचे तीन तीन खांब उभे असत. बारा फाटकांतून रथ एकदम सुटत आणि कठडा डाव्या हाताला ठेवून सात फेऱ्या पुऱ्या करत. फेऱ्यांची मोजदाद सगळ्यांना दिसावी म्हणून कठड्यावर सात अंडी आणि सात डॉल्फिन यांच्या आकृत्या बसवलेल्या होत्या व त्यांच्यावरून किती फेऱ्या झाल्या ते कळत असे. सारथी लगाम हातात न धरता कमरेभोवती गुंडाळत आणि जवळ एक सुरी ठेवत. वळणावर रथ उलटला तर लगाम कापून मोकळे होण्यासाठी. मैदानाचा सरळ भाग हा केवळ वेग घेण्यासाठी होता, शर्यतीचा निकाल त्या दोन वळणांवर लागायचा. (कठड्यावर ऑगस्टसने इजिप्तहून आणलेला एक दगडी स्तंभ होता. तो आज पियात्सा देल पोपोलो या चौकात उभा आहे. तुमच्या सहलीत तो चौक असेल, तर तुम्ही त्याच्याजवळून गेला आहात.)

मुलीला समजावण्यासाठी रोमपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यात चांदोबाचा लिंब येथे उभे रिंगण होते. वारकरी रस्त्याच्या दुतर्फा सरळ रांगांमध्ये उभे राहतात आणि मधल्या लांब पट्टीतून अश्व दौडत जातो व परत फिरतो. त्यात गोल असे काहीच नसते, तरीही त्याला आपण रिंगणच म्हणतो, आणि कोणाही मराठी माणसाला त्यात विसंगती वाटत नाही.

एक गैरसमज मात्र येथेच दूर करावासा वाटतो. जनतेला ‘भाकरी आणि सर्कस’ दिली की ती गप्प बसते, हे जुव्हेनाल या रोमन उपहासकवीचे वचन आपल्या वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत वारंवार येते आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर विदूषक येतो. जुव्हेनालच्या मनात विदूषक नव्हते. त्याचा मूळ शब्द ‘किर्केन्सेस’, म्हणजे या मैदानावरील रथांच्या शर्यती. लाल, पांढरा, निळा आणि हिरवा अशा चार रंगांचे संघ असत आणि त्यांच्या समर्थकांचे वेड आजच्या क्रिकेटवेड्यांना लाजवील असे होते.

पदच्छेद

जुनीपाने यांनी मूळ प्रश्नाचे उत्तर उत्तम दिले आहे, म्हणून मी केवळ ‘चक्र’ या मुद्द्यापुरते लिहितो. व्याख्यानात जे सांगितले गेले ते ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. ‘च’ आणि ‘क’, मग ‘र’ आणि शेवटी गोल अर्थ, एवढ्या साम्यावर नाती जुळवायची म्हटली तर कोणतेही दोन शब्द भाऊ ठरतील. शब्दांचे नाते ठरते ते ध्वनी नियमाने कसे बदलत गेले यावरून.

‘चक्र’ या शब्दाचे खरे सगेसोयरे म्हणजे ग्रीक ‘किक्लोस’ आणि इंग्रजी ‘व्हील’. ‘किक्लोस’वरून ‘सायकल’ आली. तेव्हा आपल्या घरासमोर उभी असलेली सायकल ही चक्राची सख्खी चुलत बहीण आहे आणि तिला दोन चाके असावीत हे तर फारच शोभून दिसते, कारण ‘चाक’ हा ‘चक्र’चाच मराठमोळा वंशज आहे. या सर्वांचे मूळ ‘फिरणे’ या अर्थाच्या एका प्राचीन धातूत असून संस्कृतातील ‘चर्’ हा धातूही तेथलाच आहे. गुरे चरतात, साधू संचार करतो, माणसाचा आचार असतो, या सगळ्यांत तेच फिरणे आहे. लॅटिनमध्ये त्या धातूपासून ‘कोलेरे’ हे क्रियापद झाले, ज्याचा अर्थ वावरणे, वस्ती करणे, जमीन कसणे असा होत गेला; ‘कॉलनी’ आणि ‘कल्चर’ ही त्याची पिलावळ. म्हणजे लॅटिनमध्ये चक्राचा नातेवाईक शोधायचाच असेल, तर तो सर्कशीच्या तंबूत सापडणार नाही, शेतात सापडेल. ‘किर्कुस’चा संबंध अभ्यासक वाकणे किंवा वळणे अशा अर्थाच्या वेगळ्या धातूशी जोडतात.

‘वर्तुळ’ची कथा आणखी निराळी आहे. ते ‘वृत्’ म्हणजे वळणे, असणे, घडणे या धातूपासून आले आणि लॅटिनमधील ‘व्हेर्तेरे’, म्हणजे वळवणे, हे त्याचे जवळचे नातलग आहे. या एका धातूने आपल्याला वर्तुळ दिले, गणितातले आणि कवितेतले वृत्त दिले, बातमी या अर्थाचे वृत्त दिले, वर्तन आणि वर्तमानही दिले.

खरी गंमत मात्र रक्ताच्या नात्यापेक्षा भाषांतरात आहे. लॅटिनमध्ये ‘किर्कुम’ जे काम करते, तेच काम संस्कृतात ‘परि’ हा उपसर्ग करतो, आणि ग्रीकमधला ‘पेरि’ तर ‘परि’चा सख्खा भाऊ आहे. ग्रीकमध्ये ‘पेरिस्तासिस’ असा शब्द होता, म्हणजे भोवती उभे असलेले. रोमन लोकांनी त्याचे तुकड्याला तुकडा जोडून ‘किर्कुमस्तान्तिया’ असे भाषांतर केले आणि त्यावरून इंग्रजीत ‘सर्कमस्टन्स’ आला. आपण त्याला काय म्हणतो? परिस्थिती! ‘परि’ अधिक ‘स्था’. तीन भाषांत एकच साचा आहे: माणूस मध्ये आणि गोष्टी त्याच्याभोवती उभ्या. ‘सर्क्युलर’साठी आपण घडवलेला ‘परिपत्रक’ हा शब्दही याच जातीचा आहे. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांची सूचनावही घेऊन शिपाईमामा वर्गावर्गांतून फिरत आणि प्रत्येक शिक्षक फळ्याकडून दाराशी येऊन सही करून वही परत देत, शेवटी ती वही जिथून निघाली तेथेच, मुख्याध्यापकांच्या टेबलावर, जाऊन पोहोचे. परिपत्रक म्हणजे गोल कागद नव्हे, हे मला लॅटिन शिकण्यापूर्वी तेथेच समजले.

मुळामुठा

दोघांचेही मनापासून आभार. उभ्या रिंगणाचे उदाहरण मुलीला एका क्षणात पटले; माझी आई दोन वर्षे वारीला गेली असल्याने घरात त्याची छायाचित्रेही आहेत. आता तिने नवा प्रश्न काढला आहे. तिच्या आजोळी, म्हणजे सोलापूर जिल्ह्यात, ‘आज सर्कल येणार आहेत’ असे म्हणतात आणि मग एक गृहस्थ मोटारसायकलवरून येतात. वर्तुळ माणूस कसे झाले?

सातबारा

हा प्रश्न माझ्या अंगणातला आहे, कारण महसूल खात्यात माझी बरीच वर्षे गेली. तालुक्याचे जे भाग पाडलेले असतात, त्यांना इंग्रजी अमदानीपासून ‘सर्कल’ म्हणत आले आणि मराठीत त्याला ‘महसूल मंडळ’ असे नाव मिळाले. एका मंडळात अनेक गावे असतात, त्यांचे तलाठी असतात आणि त्या सर्वांवर देखरेख करणारा तो मंडळ अधिकारी, म्हणजे सर्कल ऑफिसर. लोकांनी ‘ऑफिसर’ गाळून टाकला आणि ‘सर्कल’ हेच त्या माणसाचे नाव झाले. तलाठ्याला ‘भाऊसाहेब’ आणि मंडळ अधिकाऱ्याला ‘सर्कलसाहेब’, ही गावाकडची रीत आहे.

मंडळाचा नकाशा पाहिलात तर तो गोल असण्याची सुतराम शक्यता नाही. ओढे, शिवा आणि जुने वतनांचे तंटे यांनी ठरवलेला तो एक वेडावाकडा तुकडा असतो. मग त्याला सर्कल का म्हणायचे? वर जुनीपाने यांनी जे लिहिले, ते वाचताना मला वाटले की येथेही तेच असावे. सर्कलचे काम हे फिरतीचे काम आहे. तलाठ्याने गाव नमुना ६ मध्ये फेरफाराची नोंद धरली की ती तपासून प्रमाणित करणे, पीकपाहणी बरोबर झाली की नाही ते बांधावर उभे राहून पाहणे, अतिवृष्टी झाली की पंचनाम्यांवर लक्ष ठेवणे, हे खुर्चीवर बसून होत नाही. मी नोकरीत होतो तेव्हा एका टोकाच्या गावापासून सुरुवात करून वाटेतली गावे घेत घेत संध्याकाळपर्यंत पुन्हा मुख्यालयी यायचे, असा माझा शिरस्ता होता. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की फेरी अर्धवट राहायची आणि मुक्काम एखाद्या देवळात पडायचा. सर्कल हे क्षेत्र नसून ती फेरी आहे, असे आता म्हणावेसे वाटते.

एका इंग्रजी शब्दासाठी सरकारच्या दोन खात्यांनी दोन वेगवेगळे मराठी शब्द घेतले आहेत, हेही येथे नोंदवतो. महसुलाने ‘मंडळ’ घेतले, तर वनखात्याने ‘वृत्त’, म्हणून तुम्हाला ‘वनवृत्त’ अशी पाटी दिसते. प्रथम पाहणाऱ्याला ते वनखात्याचे बातमीपत्र वाटते. न्यायालयाने मात्र भाषांतराच्या भानगडीत न पडता ‘सर्किट बेंच’ तसेच ठेवले; ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, तेव्हा सगळ्या मराठी वृत्तपत्रांत हाच शब्द होता. न्यायाधीशांनी ठरलेल्या गावांची फेरी करून तेथे न्याय द्यायचा, या जुन्या इंग्लंडमधील प्रथेतून तो आला आहे. जिल्ह्याच्या गावी ‘सर्किट हाऊस’ असते तेही फिरतीवरच्या साहेबांच्या मुक्कामासाठीच.

पदच्छेद

सातबारा, आपल्या ‘मंडळ’वरून आठवले. लॅटिनमध्ये ‘किर्कुलुस’चा आणखी एक अर्थ होता: गप्पा मारत कोंडाळे करून उभी असलेली माणसे. अशा कोंडाळ्यांत फिरून माल विकणाऱ्या किंवा खेळ करून दाखवणाऱ्या माणसाला ‘किर्कुलातोर’ म्हणत. आपला डोंबारी किंवा रस्त्यावर औषधे विकणारा वैदू डोळ्यांसमोर आणा. मराठीत ‘मंडल’वरून आधी ‘मंडळी’ झाली आणि मग तिचा अर्थ सरळ ‘माणसे’ असाच झाला. मुळामुठा, तुम्ही वर ‘नमस्कार मंडळी’ असे लिहून प्रश्नाला सुरुवात केली होतीत, तेव्हा उत्तर तुमच्या पहिल्याच ओळीत होते.

तंबू

चर्चा वाचून राहवले नाही, कारण सर्कस हा माझा लहानपणापासूनचा छंद. एका गोष्टीवर भर द्यावासा वाटतो. रोमची सर्कस गोल नव्हती, परंतु आपण जिला सर्कस म्हणतो ती अगदी मोजून मापून गोल आहे आणि तिच्या गोलपणामागे चांगले सबळ कारण आहे.

फिलिप अ‍ॅस्टली नावाच्या इंग्रज घोडेस्वाराने १७६८ मध्ये लंडनमध्ये घोड्यांवरच्या कसरती दाखवायला सुरुवात केली. धावत्या घोड्याच्या पाठीवर उभे राहायचे असेल, तर सरळ रेषेत धावण्यापेक्षा घोड्याने एकसारख्या वेगाने गोल धावणे सोयीचे असते. घोडा आतल्या बाजूला कलतो, स्वारही तितकाच आत कलतो आणि बाहेर फेकणारा जोर त्याला तोलून धरतो. शिवाय प्रेक्षकाला मान न वळवता सगळे दिसते. रिंगण फार लहान केले तर घोडा बिचकतो, फार मोठे केले तर हा आधार कमी होतो. करता करता अ‍ॅस्टलीचे माप ४२ फूट व्यासावर स्थिरावले आणि जगभरातील सर्कशींनी तेच प्रमाण मानले. स्वतः अ‍ॅस्टली आपल्या जागेला सर्कस म्हणत नसे. त्याच्या प्रतिस्पर्ध्याने, चार्ल्स ह्यूजेसने, चार्ल्स डिब्डिन यांच्यासह १७८२ मध्ये ‘रॉयल सर्कस’ उघडली आणि तो शब्द या खेळाला कायमचा चिकटला. म्हणजे दीड-दोन हजार वर्षांनी हा शब्द पुन्हा घोड्यांकडेच आला, केवळ रथ तेवढे गेले.

मुळामुठा यांनी पिकॅडिलीचा उल्लेख केला आहे. रस्त्यांना ‘सर्कस’ म्हणण्याची प्रथा साधारण त्याच काळातली. बाथ या गावी जॉन वूड यांनी आखलेली गोलाकार घरांची रचना १७५४ मध्ये सुरू होऊन त्यांच्या मुलाच्या हातून १७६८ मध्ये पुरी झाली, तिचे नावच ‘द सर्कस’. पिकॅडिली सर्कस १८१९ ची. तिचा गोल घाट पुढे १८८० च्या दशकात नवा रस्ता काढताना मोडला आणि नाव उरले, त्यामुळे आज तेथे उभे राहणाऱ्याला वर्तुळ सापडत नाही. मुंबईत मात्र एशियाटिकसमोरच्या हॉर्निमन सर्कलला, म्हणजे पूर्वीच्या एल्फिन्स्टन सर्कलला, बागेभोवती वळत गेलेल्या इमारतींचा घाट अजून शाबूत आहे.

महाराष्ट्रात हा शब्द रुजवण्याचे श्रेय विष्णुपंत छत्रे यांचे. मुंबईत आलेली कियारिनी यांची इटालियन सर्कस पाहून त्यांनी १८८० च्या सुमारास ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. स्वतः पट्टीचे घोडेस्वार आणि गाण्याचे शौकीन; ग्वाल्हेर घराण्याचे गायक रहिमत खाँ यांना त्यांनी आपल्याबरोबर वर्षानुवर्षे सांभाळले, त्यामुळे सर्कशीच्या मुक्कामावर खाँसाहेबांचे गाणे, असा अजब योग त्या काळातल्या रसिकांना लाभला. केरळातील तलश्शेरी येथे कीलेरी कुंजिकण्णन यांनी पुढे सर्कशीच्या कलावंतांची जी परंपरा घडवली, तिचा धागाही छत्र्यांच्या तेथील मुक्कामापर्यंत पोहोचतो.

या शब्दाला आपण किती आपलेसे केले आहे, याची खूण त्याच्या रूपांत दिसते. ‘बस’ आपण ‘बसमध्ये’ म्हणतो, कारण ‘बशीत’ म्हटले तर चहा सांडेल. पण ‘सर्कस’ मात्र ‘सर्कशीत’, ‘सर्कशीचा’, म्हशीसारखी आणि नोटिशीसारखी चालते. जो शब्द म्हशीच्या वळणाने चालू लागला, त्याला परका कोण म्हणेल?

जुनीपाने

तंबू यांच्या माहितीने मजा आली. एक छोटी भर घालतो. ‘किर्कुस’च्या वंशातला, पण ओळखू न येणारा एक शब्द राहून गेला. उत्तरकालीन लॅटिनमध्ये ‘किर्कारे’, म्हणजे इकडेतिकडे फिरणे, असे क्रियापद तयार झाले. एखादी हरवलेली वस्तू शोधताना माणूस घरभर फिरतो, त्यामुळे फिरण्याचा अर्थ शोधणे असा झाला; इटालियनमध्ये ‘चेर्कारे’, फ्रेंचमध्ये ‘शेर्शे’ आणि त्यावरून इंग्रजीत ‘सर्च’. ‘रिसर्च’ करणाऱ्या आमच्या विद्यापीठीय मित्रांना आपण सर्कशीतच काम करतो हे मी सांगून पाहिले. त्यांना त्यात नवे असे काही वाटले नाही.

माळरान

येथे पक्ष्यांबद्दल लिहिले तर विषयांतर होईल की काय, अशी धास्ती होती. पण विषय अगदी तोच आहे, म्हणून लिहितो.

‘सर्कस’ हे पक्ष्यांच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव आहे. इंग्रजीत ज्यांना हॅरिअर म्हणतात त्या शिकारी पक्ष्यांची ही प्रजाती फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लासेपेद यांनी १७९९ मध्ये या नावाने नोंदवली. हे नाव ग्रीक ‘किर्कोस’वरून आले आहे. ग्रीक भाषेत ‘किर्कोस’ म्हणजे कडे, हे वर आलेच आहे. त्याच नावाचा एक ससाण्यासारखा पक्षीही ग्रीकांना ठाऊक होता, आणि आकाशात गोल घिरट्या घालतो म्हणून त्याला हे नाव पडले असे मानतात. सापमार गरुडाच्या शास्त्रीय नावात, ‘सर्केटस’मध्ये, हाच ‘किर्कोस’ पुढे ‘गरुड’ या अर्थाचा शब्द जोडून बसला आहे.

आता मराठी नाव ऐका. हॅरिअरला आपल्याकडे ‘भोवत्या’ म्हणतात. दलदली भोवत्या, माँटेग्यूचा भोवत्या. भोवती फिरणारा तो भोवत्या! जुनीपाने यांचे ‘किर्कुम’ आणि आमचा ‘भोवत्या’ एकमेकांना न भेटताही एकाच जागी येऊन बसले आहेत.

हिवाळ्यात हे पक्षी मध्य आशिया आणि त्याच्याही पलीकडून आपल्या माळरानांवर येतात. मी दरवर्षी पुण्याच्या पूर्वेकडच्या माळांवर त्यांना पाहायला जातो. भोवत्या घारीसारखा उंचावर तरंगत बसत नाही. गवताच्या शेंड्यांपासून हात-दोन हात उंचीवरून, पंख किंचित वर उचलून, उथळ चिमट्यासारखे धरून, तो हळूहळू जातो, एका बाजूला कलतो, वळतो आणि थोड्या अंतराने त्याच पट्ट्यावरून परत येतो. त्याचा चेहरा घुबडासारखा चपटा आणि गोल पिसांच्या चकतीचा असल्याने गवतातला उंदरांचा आवाज त्याला ऐकू येतो. एकदा मी बांधावर न हलता बसलो होतो, तेव्हा एक राखाडी नर माझ्यासमोरून चार वेळा असा गेला आणि आला. पाचव्या फेरीत मध्येच थबकून, पाय खाली सोडून गवतात उतरला आणि वर आला तो पायांत काहीतरी घेऊनच. त्याची ती ये-जा कागदावर काढली असती, तर मुळामुठा यांच्या मुलीने तिलाही केसांची पिनच म्हटले असते.

मुळामुठा

माळरान, आपला प्रतिसाद मुलीला मोठ्याने वाचून दाखवला. आता तिला रोमपेक्षा भोवत्या पाहण्यात अधिक रस आहे. कधी आणि किती वाजता गेले तर दिसण्याची शक्यता असते? दुर्बीण घरात आहे, जुनी आहे, पण चालते.

माळरान

नोव्हेंबरच्या मध्यानंतर केव्हाही. सूर्यास्ताच्या तासभर आधी माळावर पोहोचा, गाडी रस्त्यावरच ठेवा आणि गवतात शिरू नका, कारण भोवत्ये रात्रीचा मुक्काम जमिनीवर, त्या गवतातच करतात. उन्हाकडे पाठ करून बांधावर बसा. अंधार पडू लागला की ते एकेक करून येतात आणि खाली उतरण्यापूर्वी मुक्कामाच्या जागेवरून फेऱ्या मारतात. त्या मात्र गोल असतात, हे मुलीला आधीच सांगून ठेवा.